तळहातावरची आमटी

बायकोच्या प्रमाणपत्राची मुदत ती गेल्यानंतर पाच महिन्यांनी संपणार होती. मला ते ठाऊक नव्हतं. काचेच्या चौकटीतला तो कागद जवळजवळ दोन वर्षं खानावळीच्या भिंतीवर होता, मी रोज त्याच्याखाली बसून जेवत होतो, पण कधी वाचला नव्हता. जन्मभर पुस्तकांत राहिलेला माणूस मी. घरातल्या भिंतीवरचं वाचायचं राहून गेलं.

बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, खानावळ पंधरा दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाली. तीन महिने तसेच गेले. मग एका दुपारी, मुलांची पंगत उठल्यावर, मावशी पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, त्या कागदावर तारीख हाय. वाचा बरं."

मावशी म्हणजे आमच्या खानावळीतल्या मुख्य स्वयंपाकीण. धर्माबादकडच्या. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण मुलं मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. शाळा चौथीपर्यंत. आकडे नीट वाचता येतात, अक्षरं जुळवत जुळवत.

मी खुर्चीवर चढून चौकट उतरवली. तिचा छोटा फोटो, तिचं नाव, त्याखाली 'अन्नसुरक्षा पर्यवेक्षक', आणि अगदी शेवटच्या ओळीत मुदत.

"अजून दोन महिने आहेत," मी म्हणालो.

"मग?"

"मग बघू."

"ताई बी असंच म्हणायच्या, बघू. पर त्या बघायच्या. तुम्ही न्हाई बघणार."

खरं सांगायचं तर ती तारीख वाचून मला बरं वाटलं होतं. अन्न खात्याचे साहेब नोंदणीच्या वेळी सांगून गेले होते की जिथे लोकांसाठी रांधलं जातं तिथे निदान एक तरी माणूस प्रशिक्षण घेतलेला, परीक्षा दिलेला असला पाहिजे. आमच्याकडे तो माणूस ती होती. आता ती नाही, म्हणजे खानावळ बंद करायला मला एक सभ्य कारण मिळालं. मुलगी हैदराबादला असते. ती रोज फोनवर सांगत होती, बाबा, घर बंद करा आणि इकडे या.

मावशींना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "बंद करायची असंल तर करा. घर तुमचं हाय. पर तारखेच्या आड लपू नका, सर. आम्ही तिघी हाव इथं. मला परत वीटभट्टीवर जावं लागंल ह्या वयात. तेवढं तोंडानं सांगा."

"परीक्षा तुम्ही द्या ना मावशी. काम तर सगळं तुम्हालाच येतं."

"मला लिहायचं म्हणलं की हात कापतो. तुम्ही एवढाली पुस्तकं वाचली, एक आमटीची परीक्षा देता येत न्हाई?"

मी हो म्हणालो. पटलं म्हणून नव्हे. नाही म्हणायला तोंड वर करून बघावं लागलं असतं.

चौकशी केली तर नांदेडची तुकडी भरली होती. लातूरला पुढच्या रविवारी जागा होती. तिच्या वेळीही हेच झालं होतं.

*

खानावळ तिची. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, आणि ग्रंथपालाला असते तशी मला शांततेची हाव होती. शिकवणी वर्गांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर. खालच्या मजल्यावर तिने आधी शेजारच्या चार मुलींना डबा दिला, मग चाराच्या चौदा झाल्या, मग मुलं येऊ लागली, आणि मी निवृत्त होईपर्यंत दोन्ही वेळेला साठ ताटं लागत होती. ताटांचा आवाज वरच्या खोलीत येतो म्हणून मी कुरकुर करायचो. निवृत्त झाल्यावर हे सगळं बंद करू, असं मी तिला कितीदा तरी म्हणालो असेन. ती "बघू" म्हणायची आणि डाळ निवडायला घ्यायची.

साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही आजारी पडलो. एकाच खोलीत दोन खाटांवर पडून राहिलो. कशालाच वास नव्हता, कशालाच चव नव्हती. मला आठवड्याभराने चहाचा वास आला तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो. ती म्हणाली, "मला पण येतोय." मी ते ऐकलं आणि पुढे विसरून गेलो.

वर्ग पुन्हा भरले, मुलं परत आली, आणि मग ते साहेब येऊन प्रशिक्षणाचं सांगून गेले. मला वाटलं, आता ही कंटाळून बंद करेल. पण ती लातूरला जायला निघाली. मी सोबत गेलो. दिवसभर त्या सभागृहाबाहेरच्या कडुलिंबाखाली पुस्तक घेऊन बसलो. पाच वाजता ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर जाळीची टोपी तशीच होती, काढायची विसरली होती. रस्त्यावरची माणसं बघत होती. मी सांगितलं नाही. बसस्थानकापर्यंत ती तशीच चालली, भराभर बोलत. "पाच अंशांच्या वर आणि साठच्या खाली अन्न फार वेळ ठेवायचं नाही. त्या मधल्या जागेत जंतू वाढतात. अहो, नुसता वास बघून काही कळत नाही, त्या बाई म्हणाल्या. वास यायच्या आधीच बिघडलेलं असतं." हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली होती. लोहा येईपर्यंत तिचं बोलणं चालू होतं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली, टोपीसकट.

त्यानंतर घर बदललं. स्वयंपाकघरात मोठं घड्याळ आलं. सळईसारखा लांब थर्मामीटर आला. तो भाताच्या पातेल्यात खुपसून ती डॉक्टरसारखी थांबायची. कणीक, मसाला, कालवण, प्रत्येक भांड्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठ्या पुरेनात तेव्हा मी पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा तिला आणून दिला. महाविद्यालयाने नव्या पद्धतीच्या पट्ट्या घेतल्यावर तो माझ्याकडे पडून होता. येसराच्या डब्यावर ग्रंथालयाची पट्टी बघून मला हसू आलं. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजलेल्या धान्यांचा मसाला. त्याची आमटी हीच आमच्या खानावळीची ओळख होती.

"तू स्वयंपाकघराचं ग्रंथालय केलंस," मी म्हणालो.

"तुमच्या पुस्तकांचं बरं आहे. ती उतत नाहीत, आंबत नाहीत."

दहाला झालेली आमटी दोननंतर ती कुणाला देत नसे, कितीही चांगली दिसली तरी. मावशी आणि दुसऱ्या दोघी आधी कुरकुरल्या, मग त्यांनाही ते अंगवळणी पडलं. दरवर्षी ती तिघींना घेऊन सरकारी दवाखान्यात तपासणीला जायची, विषमज्वराची लस टोचून घ्यायची, पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवायची, आणि सगळे कागद माझ्याकडे द्यायची. मी ते लावून ठेवायचो. ते कागद घेताना तरी मला थांबून तिच्याकडे बघता आलं असतं.

ह्याच काळात तिची एक नवी सवय सुरू झाली. पूर्वी ती चव स्वतः बघायची, पळीतले चार थेंब आपल्या तळहातावर घेऊन. आता ती मला हाक मारू लागली. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेलो असे.

"अहो, इकडे या. हात करा पुढं."

मी उजवा हात पसरायचो. ती पळी उंच धरून, हाताला न टेकवता, चार थेंब माझ्या तळव्यावर सोडायची. मी चाखायचो.

"मीठ?"

"ठीक आहे. किंचित चालेल अजून."

"आणि वास?"

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे कसला? नीट सांगा. पुस्तकात असतं तसं सांगा."

पहिल्यांदा मी लाजलो. मग सांगू लागलो. खोबरं भाजल्याचा वास आधी येतो, म्हणायचो, मग धने, आणि सगळ्यांत शेवटी बाजरी, पावसाळी दिवसांत कोठीची खोली उघडल्यावर यायचा तसा. ती डोळे मिटून ऐकायची. कधी म्हणायची, "लसूण? लसूण राहिला." मी परत वास घेऊन लसणाचं सांगायचो. मग ती डोळे उघडायची आणि मला जायला सांगायची, हात धुऊन जा म्हणायची.

मला वाटायचं, पस्तीस वर्षांनी हिला माझ्या शब्दांची गोडी लागली. मी सांगायचो आणि ती ऐकायची, हे आमच्यात आधी कधी नव्हतं. मी त्या हाकेची वाट बघू लागलो होतो. पुस्तक उघडं असायचं, पण साडेनऊ झाले की माझं पान उलटत नसे.

एकदा दूध करपलं. ती शेगडीसमोरच उभी होती, पाठ करून, चिठ्ठ्या लिहीत. वास मला बाहेरच्या खोलीत आला. मी धावत आत गेलो, गॅस बंद केला आणि ओरडलो, "लक्ष कुठं असतं तुझं? एवढा वास सुटलाय!" ती पातेल्याकडे बघत राहिली. "घड्याळ बघायचं राहिलं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून टिकटिक करत वाजणारं एक छोटं घड्याळ आणलं, दुधासाठी.

*

प्रमाणपत्राचं तिला किती अप्रूप होतं हे मी एकदाच पाहिलं. एका मुलाचे वडील खानावळ बघायला आले होते. चांगले कपडे, बोलणं अदबीचं. त्यांनी ताटं बघितली, पाण्याची टाकी बघितली, मग विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

"मी आणि ह्या तिघी," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे आडनाव काय आपलं?"

मी चष्मा पुसू लागलो. हा प्रश्न कशासाठी असतो हे मला शाळेपासून माहीत आहे, आणि तो आला की मी चष्मा पुसतो. ती मात्र भिंतीकडे वळली आणि बोट दाखवलं. "तिथं आहे. पूर्ण नाव आहे, फोटो आहे, परीक्षा पास झाल्याचं आहे. वाचा सावकाश."

त्यांनी वाचलं. मुलगा आला की नाही, तर आला. वर्षभर जेवला. ती गेली तेव्हा तो खांदा द्यायला होता.

*

लातूरच्या बसमध्ये मावशी खिडकीपाशी बसल्या. नोंदणी माझीच होती, पण बसून ऐकायची परवानगी त्यांनी फोनवर मिळवली होती. सकाळी सहाची बस. अहमदपूरला त्यांनी फडक्यात बांधलेले धपाटे काढले आणि मला देण्याआधी घड्याळ बघितलं. "चारला केलेत. चालतंय."

सभागृह तेच होतं. कडुलिंबही तिथेच होता. ह्या वेळी मी आत गेलो.

पंचवीस-तीस माणसं. ढाबेवाले, हॉटेलांचे व्यवस्थापक, एक लग्नातला आचारी, वसतिगृहाचे दोन स्वयंपाकी. शिकवायला एक तरुण मुलगी होती, आवाज खणखणीत. हात कसे धुवायचे ते तिने करून दाखवलं आणि सगळ्यांकडून करून घेतलं. साठीच्या घरातला तो आचारी बोटांच्या बेचक्या चोळताना म्हणाला, "हळद लावून राहिलो की काय म्याडम?" सगळे हसले. कच्चं मांस खालच्या कप्प्यात, शिजलेलं वरच्या. आधी आलेलं आधी वापरायचं. ज्याला जुलाब आहेत, ज्याच्या हाताला जखम आहे, त्याने त्या दिवशी रांधायचं नाही. मी सगळं वहीत उतरवत होतो, आणि प्रत्येक ओळ मला आधीपासून माहीत होती. ती आमच्या घरात कुठे ना कुठे चिकटवलेली होती.

मग दागिन्यांचा विषय निघाला. अंगठी नको, घड्याळ नको, बांगड्या नकोत.

मावशी उभ्या राहिल्या. "बांगड्या कशा काढायच्या? नवरा जिवंत हाय माझा."

"मावशी, फक्त कामापुरत्या."

"कामापुरता बी जिवंतच हाय की. दिवसभर ओट्यावर बसून तंबाखू खातो, पर जिवंत हाय."

हसण्याचा गोंधळ झाला. तो ओसरल्यावर मावशींनी पिशवीतून दोन कापडी बाह्या काढल्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक लावलेल्या, आणि मनगटावर चढवल्या. बांगड्या आत झाकल्या गेल्या. "आमच्या ताईंनी शिवल्या. रोज उकळत्या पाण्यात काढायच्या, रोज नव्या घालायच्या. हे चालंल का सांगा."

त्या मुलीने जवळ येऊन बाह्या उलटसुलट बघितल्या. "काढलेल्या सगळ्यांत बऱ्या," ती म्हणाली. "पण ज्या काढणारच नाहीत त्यांच्यासाठी हे मी पुढच्या तुकडीला दाखवीन. कुठं असतात तुमच्या ताई?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं.

"गेल्या," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

जेवणाच्या सुट्टीआधी ती मुलगी शिळ्या अन्नाबद्दल बोलली. "सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नाकावर विश्वास. आपण झाकण उघडतो, वास घेतो, म्हणतो चांगलं आहे. वास यायच्या आधीच बिघडलेलं असतं. घड्याळ बघा, तापमान बघा."

मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हे बोलणं ऐकून ताईंच्या जिवात जीव आला व्हता बगा. न्हाईतर त्यांना लई भ्या वाटायचं."

"कसलं भ्या?"

"वास येत न्हवता ना त्यांना. आजारपणापासून."

मी त्यांच्याकडे वळलो. मावशींचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठावं न्हवतं?"

*

सुट्टीत आम्ही कडुलिंबाखाली बसलो. डबा उघडला नाही. मावशी खाली बघत बोलत होत्या.

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय आन् तुम्ही बोलून दाखवत न्हाई. रोज हात पुढं करायचे की तुम्ही."

"ती मीठ विचारायची."

"मिठाचं त्यांना जिभेवर कळायचं. मीठ निमित्त होतं. वासाचं तुमच्याकडून ऐकायच्या."

"तुम्हाला सांगितलं तिने?"

"पहिल्याच महिन्यात. मला म्हणल्या, मावशे, माझं नाक गेलं, आता तू माझं नाक. पर सरांना सांगायचं न्हाई. ते म्हणतील आता बंदच कर. आन् अन्न खात्यात कुणाला कळलं तर म्हणतील, वास न येणाऱ्या बाईनं साठ पोरांचं कसं रांधावं?"

"आणि तुम्ही नाक होतात, तर मग मला कशाला हाक मारायची?"

मावशींनी पहिल्यांदा वर बघितलं. "मी म्हणायचे, येतोय चांगला. मला तेवढंच म्हणता येतंय. त्यांना आमटी खराब हाय का ते म्हाईत करून घ्यायचं नसायचं, त्यासाठी घड्याळ होतं. त्यांना आमटीचा वास पाहिजे होता, सर. तो तुम्ही सांगायचे."

मी विचारलं, चमचा का नाही दिला कधी.

"मी बी विचारलं होतं. म्हणल्या, चमचा दिला तर तिथंच पुस्तकाशी बसून चाखतील. हातावर द्यायचं म्हणलं की उठून आत यावं लागतंय."

झाडाखाली बाकीची माणसं जेवत होती. आचाऱ्याने आम्हाला लोणचं पाहिजे का विचारलं. मावशींनी नको म्हणून हात हलवला. मला करपलेलं दूध आठवलं. एवढा वास सुटलाय, मी ओरडलो होतो, आणि ती पातेल्याकडे बघत राहिली होती. चार वर्षं ती त्या घरात वासाशिवाय वावरली. पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशीचा वास यायचा, त्याबद्दल ती पूर्वी भांडायची. मग भांडेनाशी झाली. मला वाटलं, निवळली.

दुपारच्या सत्रात प्रश्न विचारायला सांगितले. मी उभा राहिलो. एवढ्या माणसांत उभं राहून मी कधी प्रश्न विचारलेला नाही.

"ज्याला वास अजिबात येत नाही, अशा माणसाने खानावळ सांभाळली तर चालतं का?"

त्या मुलीने समोरचा अर्ज उलटून बघितला. "तपासणीच्या अर्जात तसा काही रकाना नाही, सर. ताप, खोकला, कावीळ, त्वचेचे आजार, एवढं आहे. मला विचाराल तर, तो माणूस वेळ लिहून ठेवत असेल, तापमान बघत असेल, शंका आली की फेकून देत असेल, तर तो नाकवाल्यापेक्षा चांगला. नाकवाला आळशी होतो."

"म्हणजे चालतं."

"चालतं सर. का नाही चालणार?"

मी खाली बसलो. मावशींनी पदर डोळ्याला लावला होता. एवढंच तर तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या बाहेरच्या झाडाखाली मी दिवसभर बसलो होतो, वीस पावलांवर. तिने आत हा प्रश्न विचारला नाही, आणि बसमध्येही मला सांगितला नाही. मी सांगण्यासारखा माणूस असतो तर सांगितला असता. आता उत्तर माझ्याकडे आहे आणि ते कुणाला नेऊन द्यायचं ते कळत नाही.

*

परीक्षा चार वाजता. तीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय. मी भराभर खुणा करत गेलो. बाविसाव्या प्रश्नापाशी थांबलो. तयार पदार्थाची चव कशी घ्यावी? बोट बुडवून. तळहातावर घेऊन. पळीला ओठ लावून. दर वेळी स्वच्छ चमचा घेऊन.

उत्तर येत होतं. दुसऱ्या पर्यायावर पेन ठेवून मी बसून राहिलो. नियमाने बघितलं तर तिचंही काही चुकत नव्हतं. पळी उंच असायची, माझ्या हाताला टेकत नसे, आणि माझा हात परत भांड्याकडे जात नसे. पण हे लिहायला जागा नव्हती. चारांतलं एक निवडायचं होतं. बाजूने जाताना ती मुलगी म्हणाली, "वेळ आहे सर, सावकाश." मी चौथ्या पर्यायावर खूण केली.

बाहेर आलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "टोपी काढा सर, माणसं बघून राहिली." मी हात वर नेला. मग तसाच खाली आणला. बसस्थानकापर्यंत मी टोपी घालून चाललो.

बसमध्ये चाकूरच्या पुढे त्यांनी विचारलं, "मग सर? निकाल काय लागायचा तो लागंल. खानावळीचं काय?"

"मंगळवारी डाळ कमी पडेल असं तुम्ही म्हणत होतात," मी म्हणालो. "उद्या घेऊन येऊ."

मावशींनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली, खिडकीच्या गजाला डोकं टेकून.

*

प्रमाणपत्र दोन महिन्यांनी आलं. मुदत संपलेलं भिंतीवर ठेवायचं नसतं, म्हणून चौकटीत माझा कागद पुढे घातला आणि तिचा काढला नाही, मागेच राहू दिला. चौकट थोडी फुगली आहे. मागची पट्टी नीट बसत नाही.

त्या दिवशी सकाळी मी वाचत बसलो होतो. साडेनऊ झाले.

"सर, चव बगा."

मी उठून आत गेलो. कट्ट्यावर दोन पेले ठेवलेले असतात आता, एकात धुतलेले चमचे, दुसऱ्यात वापरलेले टाकायचे. मी चमचा पुढे धरला. मावशींनी पळी उंच धरून त्यात येसराची आमटी सोडली. मी चाखली.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"बरं." त्यांनी पट्टीवर वेळ लिहिली आणि पातेल्याच्या कानाला चिकटवली. माझं काम संपलं होतं. मी चमचा दुसऱ्या पेल्यात टाकला आणि तिथेच उभा राहिलो.

"खोबरं आधी येतंय," मी म्हणालो. "भाजलेलं, पण काळं होऊ न दिलेलं. मग धने. धने आज जरा पुढे आहेत."

मावशींनी वळून बघितलं. "मला येतोय की वास, सर."

"माहीत आहे मला."

मी सांगत राहिलो. बाजरीचं सांगितलं, कोठीच्या खोलीचं सांगितलं, त्या खोलीचं दार फुगलेलं असायचं आणि ढकलल्यावर आतला वास एकदम अंगावर यायचा, हेही सांगितलं. आमटी खदखदत होती. मावशींनी हात पुढे करून शेगडी बारीक केली.

"लसूण राहिला," त्या म्हणाल्या.